आशाताईंचे गाणे आणि आपले मंडळ

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



चारचौघींत उभे राहून बोलण्याचा मला सराव नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लग्न होऊन चाकणच्या बाजूच्या खेड्यातून इकडे आले, आणि त्यानंतर मालकांच्या कंपनीच्या पाळ्या, मुलांच्या शाळा आणि पहाटेचे डबे यांतच वीस-बावीस वर्षे गेली. तेव्हा मी आपणांस काही शिकवावे, अशी माझी योग्यता नाही. पण मागच्या बैठकीत वार्षिकोत्सवाच्या कार्यक्रमावरून जो वाद झाला, तो आपणां सर्वांना ठाऊक आहे. मुलींनी जुन्या सिनेमातले एक नाचाचे गाणे बसवायचे ठरवले. त्यावर काही जणी म्हणाल्या, "भावगीत घ्या, भक्तिगीत घ्या, पण असले उडते पॉप गाणे मंडळाच्या व्यासपीठावर नको." दुसऱ्या काही जणी म्हणाल्या, "काळ बदलला, आता चालायचेच." दोन्हीकडून आवाज चढले. मी मध्येच म्हटले, "ज्या बाईने ते गाणे गायले, तिने ते कसे मिळवले हे तरी आधी पाहू या." झाले! अध्यक्षाबाईंनी लगेच आज्ञा केली की, पुढच्या सभेत तुम्हीच त्यावर बोला. म्हणून आज उभी आहे.

ते गाणे आशा भोसले यांचे आहे. आपल्या गावाला त्यांचे नाव परके नाही. नाट्य परिषदेच्या पिंपरी-चिंचवड शाखेने आशाताईंच्या नावाचा पुरस्कार ठेवला आणि मोठमोठ्या गायक-संगीतकारांना तो येथे बोलावून दिला. पण पुरस्काराचे नाव ठाऊक असणे वेगळे आणि त्या नावामागचे कष्ट ठाऊक असणे वेगळे.

आधी 'पॉप' या शब्दाचा उलगडा करते. माझ्या मुलीने मला सांगितले की, 'पॉप्युलर' या इंग्रजी शब्दाचे ते तोडलेले रूप आहे. पॉप्युलर म्हणजे लोकप्रिय. म्हणजे पॉप गाणे हे पुष्कळ लोकांच्या तोंडी बसावे म्हणूनच केलेले गाणे. तसे पाहिले तर आपली जात्यावरची ओवी, भोंडल्याचे गाणे, तमाशातली लावणी हीसुद्धा लोकांच्या तोंडी बसलेलीच गाणी. तेव्हा नुसते लोकप्रिय म्हणून एखादे गाणे वाईट ठरत नाही, आणि नुसते लोकप्रिय म्हणून ते चांगलेही ठरत नाही.

आपल्या बैठकीत झाला तोच वाद एकदा साऱ्या देशात झाला होता. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण केसकर हे नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. ते आपल्या पुण्याचेच. शास्त्रीय संगीतावर त्यांचे खरे प्रेम होते, आणि त्यांच्या काळात मोठ्या गवयांना आकाशवाणीवर मानाचे स्थान मिळाले, हे कबूल केले पाहिजे. पण सिनेमाची गाणी हलकी आहेत, त्यांनी लोकांची रुची बिघडते, असे त्यांचे मत होते, आणि आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ नाहीशी झाली. मग लोकांनी काय केले? रेडिओचा काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला! त्याच सुमारास सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली, आणि बुधवारी रात्री घरोघरी तीच ऐकू येऊ लागली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारनेच विविध भारती सुरू केली आणि सिनेमाची गाणी पुन्हा घरात आली. तात्पर्य काय, की दार लावून घेतल्याने गाणे थांबत नाही. ते शेजारच्या घरातून ऐकू येते. म्हणून दार लावायचे की उघडायचे, एवढाच विचार पुरा पडत नाही. गाणे पारखायचे कसे, हे शिकले पाहिजे.

आता आशाताईंकडे वळते. त्यांचा जन्म ८ सप्टेंबर १९३३ रोजी सांगलीचा. वडील मास्टर दीनानाथ मंगेशकर. बलवंत संगीत मंडळीचे मालक, आणि नाट्यगीत असे गाणारे की जुनी माणसे त्यांच्या तानांची आठवण काढून अजून माना डोलावतात. घरात पाच भावंडे. लतादीदी सर्वांत मोठ्या, मग मीनाताई, आशाताई, उषाताई आणि धाकटे हृदयनाथ. एप्रिल १९४२ मध्ये पुण्यात दीनानाथांचे निधन झाले, तेव्हा आशाताई आठ वर्षांच्या होत्या. घरात मिळवते माणूस उरले नाही. ज्या घरातला कर्ता पुरुष गेला, त्या घरात मुलांना किती लवकर शहाणे व्हावे लागते, हे आपल्या वस्तीतल्या काही भगिनींना मी सांगायला नको.

मास्टर विनायक यांनी त्या कुटुंबाला आधार दिला. कोल्हापूरला त्यांची प्रफुल्ल पिक्चर्स ही कंपनी होती. १९४३ साली तिच्या 'माझं बाळ' या मराठी चित्रपटात दहा वर्षांच्या आशाने पहिले गाणे म्हटले. संगीत दत्ता डावजेकर यांचे होते. मग बिऱ्हाड मुंबईला गेले. १९४८ साली 'चुनरिया' या चित्रपटात त्यांना हिंदीत पहिल्यांदा आवाज द्यावयास मिळाला. संगीतकार हंसराज बहल.

इथपर्यंत ऐकून कोणाला वाटेल, की दीनानाथांची मुलगी, लतादीदींची बहीण, मग पुढे काय, रस्ता मोकळाच! पण तसे झाले नाही. उलट तेच अवघड झाले. १९४९ नंतर लतादीदींचे नाव असे झाले की, चित्रपटातल्या नायिकेचे गाणे म्हटले की लोकांना तोच आवाज हवा असे. त्यांच्याखेरीज गीता दत्त होत्या, शमशाद बेगम होत्या. मोठ्या संगीतकारांची चांगली गाणी या तिघींत वाटली जात. मग नव्या मुलीला काय मिळणार? पंगतीत सगळे वाढून झाल्यावर पातेल्याच्या बुडाशी उरते तेवढे! कमी पैशांच्या चित्रपटातली गाणी, खलनायिकेची गाणी, क्लबातल्या नाचणारणीची गाणी, मोठ्या गायिकांनी नाकारलेली गाणी. आशाताईंनी ती घेतली.

का घेतली, हेही सांगितले पाहिजे. सोळाव्या वर्षी त्यांनी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केले होते. तो संसार टिकला नाही, आणि १९६० च्या सुमारास त्या माहेरी परत आल्या. पदरात दोन मुले होती आणि तिसरे व्हायचे होते. मी इथे कोणाची बाजू घेऊन बोलत नाही. दुसऱ्याच्या संसाराचा निवाडा करणे हे आपले काम नव्हे. सांगायचे इतकेच, की त्या काळात गाणे हे त्यांच्या घरातली चूल पेटवण्याचे साधन होते. आपल्यापैकी कित्येक जणी कंपनीत पॅकिंगच्या कामाला जातात, घरी शिलाई आणतात, पोळ्यांच्या ऑर्डरी घेतात. आलेले काम 'हे माझ्या मानाचे नाही' म्हणून परत पाठवणे आपणांस परवडत नाही. त्यांनाही परवडत नव्हते.

आणि ते काम म्हणजे काय असे, तेही समजून घ्या. आज मुलांच्या मोबाईलवर गाण्याचा एकेक तुकडा वेगळा गाऊन पुढे जोडता येतो. त्या काळी तशी सोय नव्हती. स्टुडिओत सगळे वादक एकदम बसत, गायिका मायक्रोफोनसमोर उभी राहत असे, आणि गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग ध्वनिमुद्रित होई. शेवटच्या ओळीत एखाद्या वादकाचा सूर चुकला, की सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. दिवसभरात दोन-तीन ठिकाणची कामे उरकून, लोकलगाडीने घरी येऊन, मुलांचे पाहायचे. गाणे हलके असेल. ते काम हलके खास नव्हते.

आता मला जे मुख्यतः सांगायचे आहे ते सांगते. हाती आलेले काम पुष्कळ जणी करतात. आशाताईंनी त्या उरलेल्या गाण्यांतून स्वतःचे गाणे तयार केले. मोठ्या बहिणीसारखे गायचा प्रयत्न केला असता, तर लोक म्हणाले असते, "मूळ असताना नक्कल कशाला?" तेव्हा बहिणीचा आवाज जिकडे जात नव्हता, तिकडे त्या गेल्या. लतादीदींचा आवाज वर चढताना देवळातल्या निरांजनासारखा स्थिर. आशाताईंनी खालचे सूर धरले, शब्दांना झोल दिला, मध्येच हसणे, मध्येच उसासा, मध्येच कुजबुज, आणि हे सगळे तालात आणि सुरात! मायक्रोफोन असा की श्वाससुद्धा टिपतो. जो श्वास बाकीच्या गायिका लपवीत, त्याचाच त्यांनी दागिना केला.

हळूहळू पारखणारे भेटू लागले. बिमल रॉय यांच्या 'परिणीता' (१९५३) मध्ये आणि राज कपूर यांच्या 'बूट पॉलिश' (१९५४) मध्ये त्यांचे गाणे लोकांच्या कानी बसले. मग ओ. पी. नय्यर. लतादीदींकडून एकही गाणे न घेता यशस्वी झालेले हे संगीतकार. त्यांनी आशाताईंच्या खालच्या सुरातली जादू ओळखली. १९५६ चा 'सी. आय. डी.', आणि १९५७ चा बी. आर. चोप्रांचा 'नया दौर'. या 'नया दौर'मध्ये वैजयंतीमालेची, म्हणजे नायिकेची, सगळी गाणी प्रथमच आशाताईंच्या वाट्याला आली. पहिले गाणे १९४३ चे, आणि नायिकेचा मान १९५७ ला! मध्ये चौदा वर्षे गेली. रामाला जेवढा वनवास, तेवढाच.

त्यापुढे सचिनदेव बर्मन यांची 'काला पानी' आणि 'सुजाता', रवी यांची 'गुमराह' आणि 'वक्त' अशी एकाहून एक गाणी झाली. पण आपल्या वादाशी ज्याचा खरा संबंध आहे, ते साल १९६६. चित्रपट 'तीसरी मंझिल', आणि संगीतकार सचिनदेवांचे चिरंजीव राहुलदेव बर्मन, वयाने आशाताईंपेक्षा लहान. त्यांनी पाश्चात्त्य नाचाच्या ढंगाची एक चाल ऐकवली. ती इतकी वेगळी होती, की आशाताईंना वाटले, हे आपल्या गळ्याला जमायचे नाही. बर्मन म्हणाले, चाल बदलून देतो. आशाताईंनी नको म्हटले. दहा दिवस त्यांनी त्या एका गाण्याचा सराव केला. गाडीतून जाता-येतासुद्धा श्वासाचे ते झटके घोटत असत. तेव्हा चालकाला वाटले बाईंना दम लागला, दवाखान्यात न्यावे की काय, असे त्यांनीच गमतीने सांगितले आहे.

भगिनींनो, हे नीट ध्यानात घ्या. त्या वेळी त्यांना तेवीस वर्षांचा अनुभव होता. तीन मुलांची आई. नाव झालेले. चाल बदलून मिळत होती. तरी दहा दिवस शाळेतल्या मुलीसारखा अभ्यास! ज्या गाण्याला आपण 'उडते' म्हणतो, ते उडण्यापूर्वी इतके जमिनीवर बसून घोटलेले असते. आकाशातली घार सहज फिरताना दिसते, पण पंखाला बळ कधी आले ते कोणी पाहिलेले नसते.

त्यानंतर १९७१ साली 'कारवाँ' आणि 'हरे रामा हरे कृष्णा' आले. एकात हेलनचा कॅब्रे नाच, दुसऱ्यात झीनत अमानची, घरदार सोडून नशापाण्यात हरवलेली मुलगी. ही गाणी ऐकून पुष्कळ घरांतल्या वडीलधाऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. आपल्याकडील ज्या काकूंनी विरोध केला, त्यांचेही म्हणणे मला कळते. त्या पडद्यावरची सगळीच दृश्ये लहान मुलींसमोर आणण्यासारखी नाहीत, आणि आठ-दहा वर्षांच्या पोरींना मोठ्या बायकांच्या लकबी करावयास लावणे मलाही आवडत नाही. पण दृश्य एक आणि गाणे एक. गाणारी बाई तिथे पात्र उभे करीत असते. नाटकात एखादी सज्जन बाई कैकेयीचे काम करते, म्हणून आपण तिला कैकेयी म्हणतो काय? उलट काम चांगले झाले म्हणून टाळ्या वाजवतो.

आणि त्याच गळ्यातून मराठीत काय काय आले ते पाहा. सुधीर फडके, श्रीनिवास खळे, हृदयनाथ मंगेशकर यांची भावगीते आणि भक्तिगीते आशाताईंनी गायली. वडिलांची नाट्यगीते गायली. ज्या तानांनी एकेकाळी नाटकगृहे दुमदुमत, त्या लेकीने पुन्हा लोकांपुढे ठेवल्या. १९५९ च्या अनंत माने यांच्या 'सांगत्ये ऐका' चित्रपटात वसंत पवारांच्या चालीवर त्यांनी म्हटलेली लावणी महाराष्ट्राच्या घरोघरी गेली. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो चित्रपट १३१ आठवडे, म्हणजे अडीच वर्षे चालला. आमच्या सासूबाई सांगत, की तेव्हा गावाकडून बैलगाड्या जोडून माणसे तो सिनेमा पाहायला पुण्याला जात. पहाटे रेडिओवर देवाचे गाणे लागे तोही हाच आवाज, आणि रात्री क्लबातले गाणे लागे तोही हाच. आवाज एकच, पण प्रत्येक वेळी बाई वेगळी. आपण नाही का, सासूपुढे वेगळ्या, लेकरापुढे वेगळ्या आणि भिशीच्या दिवशी मैत्रिणींत वेगळ्या! म्हणून आपण खोट्या होत नाही.

कॅब्रेची गाणी गाणारी अशी चिठ्ठी एकदा लागली, की ती निघणे कठीण. ती कशी निघाली त्याचीही कथा आहे. १९८१ साली 'उमराव जान' आला. संगीतकार खय्याम. लखनौच्या एका तवायफेची कथा, आणि गाणी म्हणजे गझला. खय्याम यांनी आशाताईंना त्यांच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा खाली गायला सांगितले. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांच्या, साऱ्या देशात गाजलेल्या गायिकेला कोणी म्हणाले, 'तुमची रोजची पट्टी सोडा', तर राग येणार नाही? आशाताई खाली उतरल्या. गाणी झाल्यावर आपलाच आवाज ऐकून त्यांना स्वतःला नवल वाटले. त्या वर्षीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला. पुढे १९८७ च्या 'इजाजत'साठी तो पुन्हा मिळाला. तेव्हा शब्द गुलजारांचे होते आणि चाल राहुलदेव बर्मन यांची. या बर्मन यांच्याशी त्यांनी १९८० मध्ये विवाह केला होता. जानेवारी १९९४ मध्ये ते वारले.

एवढ्यावर कोणी म्हणेल, झाले, साठी आली, मानसन्मान मिळाले, आता नातवंडे खेळवावीत. १९७९ मध्येच त्यांनी फिल्मफेअरवाल्यांना कळवले होते की, सात वेळा पारितोषिक मिळाले, आता माझ्या नावाचा विचार करू नका. नव्यांना मिळू द्या. पण काम त्यांनी सोडले नाही. १९९५ साली ए. आर. रहमान यांनी 'रंगीला'साठी त्यांना बोलावले. पडद्यावर ऊर्मिला मातोंडकर, विशीतली मुलगी. आणि पडद्यामागे बासष्ट वर्षांचा आवाज! ऐकणाऱ्याला कुठे शंका आली नाही.

आणि त्याच सुमारास दुसऱ्या बाजूला काय चालले होते? त्या अमेरिकेत सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ यांच्यासमोर बसून जुन्या बंदिशी शिकत होत्या. अकरा बंदिशी त्यांनी शिकून घेतल्या आणि त्यांची 'लेगसी' या नावाची ध्वनिमुद्रिका १९९६ मध्ये निघाली. अमेरिकेतल्या ग्रॅमी पारितोषिकासाठी तिला नामांकन मिळाले. १९९७ साली लेझली लुईस यांच्याबरोबर 'जानम समझा करो' हा पॉप अल्बम काढला. म्हणजे सिनेमाचा आधार न घेता, नातवंडांच्या वयाच्या मुलांनी ऐकावीत अशी गाणी. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या कॉर्नरशॉप नावाच्या वाद्यवृंदाने त्यांच्या नावावरच एक गाणे केले, आणि पुढच्या वर्षी ते तिथल्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. २००५ मध्ये अमेरिकेच्या क्रोनोस क्वार्टेट या चार तंतुवाद्यांच्या मंडळींबरोबर बर्मन यांची जुनी गाणी पुन्हा गायल्या. त्यालाही ग्रॅमीचे नामांकन मिळाले. पुढे २०१३ मध्ये 'माई' या चित्रपटात तर प्रत्यक्ष कामही केले.

मानसन्मानाची यादी वाचून मी आपला वेळ घेत नाही. दादासाहेब फाळके पुरस्कार २००० सालचा, पद्मविभूषण २००८ चे, महाराष्ट्र भूषण २०२१ सालचा, एवढे पुरे. पण एक आकडा सांगते, कारण तो हिशेबाचा आहे आणि हिशेब आपण बायकांना चांगला येतो. २०११ साली गिनेस बुकात नोंद झाली, की १९४७ पासून त्यांनी वीसहून अधिक भारतीय भाषांत ११,००० पर्यंत गाणी ध्वनिमुद्रित केली. चौसष्ट वर्षांनी भागा. वर्षाला सुमारे एकशे सत्तर गाणी पडतात, म्हणजे एक दिवसाआड एक! तीन मुलांची बाळंतपणे, आजारपणे, जाणे-येणे, पुढे दोन मोठ्या मुलांच्या मृत्यूचे दुःख, हे सगळे त्याच चौसष्ट वर्षांत आणि त्यापुढच्या काळात आले. आणि स्वयंपाकाची हौस इतकी, की २००२ मध्ये दुबईला स्वतःच्या नावाचे उपाहारगृह काढले. 'मला वेळच मिळत नाही' हे वाक्य बोलण्यापूर्वी मी हल्ली हा भागाकार आठवते.

भगिनींनो, आता आपल्या वादाकडे येऊ. आपण ज्या गावात राहतो, त्या गावाची गोष्टही काहीशी अशीच आहे. १९५४ साली पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. मग आकुर्डीला बजाज, मग टेल्को, आणि पुढे थेट चाकणपर्यंत यंत्रांचा आवाज पोहोचला. कोणी मराठवाड्यातून आले, कोणी कोकणातून, कोणी बिहारमधून. जो तो आपले गाणे बरोबर घेऊन आला. आमच्या इमारतीत सकाळी एका घरातून अभंग ऐकू येतो, दुसऱ्यातून भोजपुरी गाणे, तिसऱ्यातून मुलांचे इंग्रजी गाणे. एवढ्या गलबल्यात आपल्या मुलींना 'हे ऐका, ते ऐकू नका' अशी यादी करून देणे आपल्या हाती राहिलेले नाही. आपल्या हाती एकच आहे. चांगले काम आणि वेठीचे काम यांतला फरक ओळखावयास त्यांना शिकवणे.

म्हणून मी दोन सूचना मांडते. त्या मान्य कराव्या की नाही, हे सभेने ठरवावे.

पहिली सूचना अशी. वार्षिकोत्सवात गाणे कोणत्या जातीचे, यावरून बंदी नसावी. पण जे घ्यायचे ते पूर्ण शिकून घ्यावे. मुलींनी मोबाईलवर गाणे लावून नुसते हातवारे करू नयेत. निदान दोघी-तिघींनी ते स्वतः गावे, तालात गावे, श्वास कुठे घ्यायचा ते बसवावे. दहा दिवस सराव करावा. त्यापेक्षा कमी चालणार नाही. शब्द वयाला शोभतील ते घ्यावेत, आणि ती निवड ज्येष्ठ काकू आणि मुली यांनी एकत्र बसून करावी. एकदा गाणे बसवायला काकू बसल्या, की मुलींना नाट्यगीतही ऐकायला मिळेल, आणि काकूंनाही कळेल की त्या उड्या मारणाऱ्या चालीत सूर सांभाळणे किती कठीण असते!

दुसरी सूचना आपल्या स्वतःसाठी आहे. दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरण्याची गोष्ट आपल्या मंडळात तीन वर्षे निघते आहे. दर वर्षी आपण म्हणतो, "आता या वयात काय?" मी यंदा तो फॉर्म भरणार आहे. गणिताची भीती वाटते, इंग्रजीची त्याहून वाटते. पण बासष्टाव्या वर्षी जी बाई गुरूपुढे वही घेऊन बसली, तिची गाणी रोज पोळ्या लाटताना ऐकायची, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी आपण म्हातारे झालो म्हणायचे, हे काही जुळत नाही. माझ्याबरोबर कोण कोण येणार, त्यांनी आज नावे द्यावीत. दुपारी दोन ते चार, पहिल्या पाळीचे डबे परत येण्यापूर्वी, आमच्या घरी बसू. चहा माझ्याकडे.

 नावे लिहून घ्यायला वही आणि पेन मी बरोबर आणले आहे.